लाल दिव्याने तोंडातले फोड जातात म्हणे!

"केमो-रेडिएशनमध्ये तोंड आलंय? शेकायचा लाल दिवा रोज अर्धा तास तोंडासमोर धरा. तीन दिवसांत फोड गायब, गाठही विरते! मध लावा. हॉस्पिटलवाले हाच दिवा लेझर म्हणून विकतात." घरच्या ग्रुपवर हे फिरत होतं तोवर मी सोडून दिलं. आता चुलतभावाने दिवा विकत आणलाय, आणि काकांच्या गालाच्या कॅन्सरचं रेडिएशन सोमवारपासून आहे.

"हाच दिवा"? अजिबात नाही. कंबर शेकायचा दिवा उष्णता देतो, त्याचं कामच ते. तोंड येऊ नये म्हणून देतात तो तांबडा लेझर किंवा एलईडी बहुधा 630 ते 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि तापवत नाही. गाल, जीभ, ओठ अशा ठरलेल्या जागी मोजून देतात. मात्रा ज्यूलमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एककात, ठरते. जास्त वेळ धरल्याने गुण वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. उन्हाने सोललेल्या पाठीवर गरम पाण्याची पिशवी ठेवाल का? मग रेडिएशनने सोललेल्या तोंडाला अर्धा तास शेक कसला देताय?

"गाठ विरते" हे तर धडधडीत खोटं. गाठीच्या जागेवर हा लेझर देणं डॉक्टर सहसा टाळतात, कारण तिथल्या परिणामाबद्दल तज्ज्ञच सावध आहेत.

प्रकाशाचा उपयोग होतो, एवढं मात्र खरं. नाइलाजाने मान्य करतो. मॅस्क या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस आहे: डोक्या-मानेच्या कॅन्सरचं रेडिएशन, सोबत केमो असो वा नसो, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटआधीची जबर केमो. तीही तोंड येऊ नये म्हणून, म्हणजे उपचारासोबतच सुरू करायची. सरसकट प्रत्येक केमोला नाही. आपल्याकडे कर्नाटकातही 221 रुग्णांवर चाचणी झाली, 2012 मध्ये छापून आली. लेझर घेतलेल्यांना त्रास कमी झाला. कमी झाला, गायब नाही!

"तीन दिवसांत" बद्दल काय बोलणार. रेडिएशनच सहा-सात आठवडे चालतं, आणि तोंड त्यानंतरही काही आठवडे दुखतं.

मधाचं ठीक आहे, त्याच सूचनांत तोही सुचवलाय. पण दात किडतात, आणि काकांना मधुमेह आहे. डॉक्टरांना विचारूनच.

सोमवारी रेडिएशन विभागात विचारा: लेझरची सोय इथे आहे का, नसेल तर जवळपास कुठे? तोवर मऊ ब्रश आणि मीठ व खाण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. केमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला, तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.