सायटोकाइन्स उतरवली म्हणून ल्युकेमिया उतरत नाही

‘मुलांचा रक्ताचा कर्करोग म्हणजे निव्वळ दाह. दाह पसरवणारी सायटोकाइन्स पूरकांनी कमी करा, केमो लागणारच नाही,’ असा मजकूर सर्रास फिरतो आहे. सायटोकाइन्सचा, म्हणजे पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडतात त्या प्रथिनांचा, या आजाराशी संबंध आहे, म्हणूनच तो पटतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मुलाच्या जिवावर बेतणारा आहे.

‘संदेश थांबला की पेशींची वाढ थांबते.’ निरोगी पेशीत बहुतांशी हे खरं. इंटरल्यूकिन-७ हे सायटोकाइन पेशीवरच्या ग्राहकाला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तेव्हाच टी-पेशींच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) पूर्वज पेशी वाढतात. पण टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात सुमारे १० टक्के मुलांमध्ये या ग्राहकाच्याच जनुकात बिघाड असतो. बहुतेकदा त्यात सिस्टीन हे एक जादा अमिनो आम्ल येतं, दोन ग्राहक गंधकाच्या बंधाने एकमेकांना जखडले जातात आणि इंटरल्यूकिन-७ नसतानाही पेशीच्या आत वाढीचा संदेश पोचवणारी जॅक-स्टॅट साखळी चालू राहते. निरोप आलेलाच नाही, मग अडवणार काय? फिलाडेल्फिया गुणसूत्र (दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेलं) असलेल्या ल्युकेमियात तर बीसीआर-एबीएल हे प्रथिन पेशीच्या आतच सतत चालू असतं. त्यावर इमॅटिनिबसारखं नेमकं औषध आहे, पण तेही केमोच्या जोडीने देतात, केमोऐवजी नाही.

‘अस्थिमज्जेतला सिग्नल तोडला की कर्करोग मरतो.’ मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल१२ हे संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि त्याच्या ओढीने ल्युकेमियाच्या पेशी तिथे टिकतात, हे बरोबर. पण ज्यांपासून रक्तपेशी बनतात त्या निरोगी मूळपेशीही त्याच ओढीने तिथे थांबतात. ही ओढ तोडणारं प्लेरिक्साफॉर हे औषध मूळपेशी रक्तात आणून गोळा करण्यासाठी वापरतात. जागा सुटली म्हणजे पेशी मेली असं होत नाही.

‘डॉक्टरही स्टेरॉइड म्हणजे दाहशामकच देतात.’ डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन इथे दाहासाठी नसतं. लिम्फोब्लास्टच्या (या ल्युकेमियातल्या अपक्व पेशीच्या) आतल्या ग्राहकाला लागून ते त्या पेशीला आत्मनाशाकडे ढकलतं. तेही एकटं पुरत नाही, सोबत व्हिन्क्रिस्टिन आणि अ‍ॅस्पॅराजिनेज ही केमोची औषधं लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसली तरी अब्जावधी पेशी उरलेल्या असू शकतात, म्हणून एकूण उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात. स्टेरॉइड मध्येच आपल्या मनाने बंद केलं, तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी साथ देत नाहीत आणि रक्तदाब कोसळू शकतो.

सायटोकाइन अडवणं खरोखर कामी येतं ते कार-टी उपचारात, म्हणजे टी-पेशी ल्युकेमियाला ओळखतील अशा बदलून रुग्णाला देतात तेव्हा. इंटरल्यूकिन-६ हे सायटोकाइन उसळलं की ते अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध देतात: ३० किलोखालच्या मुलाला किलोमागे १२ मिलिग्रॅम, त्यावरच्याला ८. तिथेही ल्युकेमिया मारतात त्या कार-टी पेशीच. टोसिलिझुमॅब त्यांच्या दुष्परिणामापासून मुलाला वाचवतं.

‘ताप हाही दाहच, घरीच उतरवा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, तर तडक रुग्णालय गाठा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटर रक्तात ५००च्या खाली असतील तर जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन देऊ नका, आधीच कमी असलेल्या प्लेटलेट्सचं काम त्यामुळे बिघडतं आणि रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉलसुद्धा उपचार करणाऱ्या पथकाला विचारूनच द्या, कारण ताप झाकला गेला की संसर्ग उशिरा कळतो.