शिखर कुठं आहे हो?

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टात ब्लीकलो नावाचा 633 मीटरचा डोंगर आहे. स्नेक पासच्या घाटमाथ्यावर गाडी लावली की त्यातले सुमारे 510 मीटर पेट्रोलनेच चढून झालेले असतात. उरली सव्वाशे मीटरची चढण आणि चारेक किलोमीटरची चाल. नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या 1892 सालच्या हिशेबाने (तासाला पाच किलोमीटर, शिवाय दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं) तासाभरात माथा. हिशेब चोख आहे, फक्त त्यात पायाखाली जमीन धरलेली आहे.

इथं पीट आहे. पाण्यात बुडाल्यामुळे धड कुजायलाही न मिळालेलं शेवाळ हजारो वर्षं साचलं, त्याचा हा काळा लगदा. सुरुवातीला ‘पेनाइन वे’ या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर जुन्या कापडगिरण्यांच्या फरश्या टाकल्यात, तिथं माणूस ऐटीत चालतो. मग फरश्या संपतात आणि पाण्याने कापलेल्या पुरुषभर खोल घळी सुरू होतात. घसरत उतरा, तळातला ओहोळ ओलांडा, पलीकडे हातापायांवर चढा, आणि वर येऊन पुढची घळ बघा. अशा पंधरा घळी म्हणजे तीस मीटर चढण फुकटात, नकाशावर कुठेही न दिसणारी. काही शहाणे घळीच्या तळातूनच चालत राहतात. घळ हळूच वळते, आणि बाहेर डोकावल्यावर त्यांचं होकायंत्राशी भांडण लागतं.

हीदरच्या झुडपांत बेलाशक पाय टाका. कापूसगवताचे पांढरे गोंडे डोलत असतील तर खाली पाणी आहे, पाय झुबक्यावरच द्या. पोपटी, मऊशार हिरवळ दिसली की लोक खूश होऊन तिकडे वळतात. तिथं आधी काठी खुपसावी. मुठीपर्यंत गेली तर आपणही जाऊ. रुतलेला पाय सरळ वर ओढला तर पाय येतो, बूट राहतो. टाच डावी-उजवी हलवून बाजूने हवा शिरू द्यायची, मग ओढायचं. हे चालू असताना लाल ग्राउस पक्षी 'गो बॅक, गो बॅक' ओरडतो. माझ्या मते अख्ख्या डोंगरावर जाणकार तेवढा तोच.

माथा उपड्या ताटासारखा सपाट. धुक्यात दगडांची रास आणि तिच्यात रोवलेला खांब दिसला तर पोचलात. एरवी शिखरावर उभं राहूनही शिखर शोधता येतं. उतरताना ओढ्याच्या नादी लागू नका. हर्न क्लफचा ओढा धरून खाली जात राहिलात तर थेट ॲलपोर्टच्या खोऱ्यात निघाल, आणि गाडी तिकडे घाटमाथ्यावर.