गिळताना वर सरकते ती अन्ननलिका नव्हे

कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की 'श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे' हे मी उलटं लिहिलंय, कारण घोट घेताना गळ्याचा पुढचाच भाग वर-खाली होतो, म्हणजे घास पुढूनच जात असणार. आणि एपिग्लॉटिसबद्दल, म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडावरच्या झाकणाबद्दल, मी अर्धवट लिहिलं. दुसरा मुद्दा एकदम मान्य, पहिला मात्र नाही.

आत्ता कंठावर बोटं ठेवून आवंढा गिळा बघू. वर सरकलं ना काहीतरी? ते स्वरयंत्र, त्याच्या खालीच श्वासनलिका सुरू होते. गिळताना ते वर आणि पुढे ओढलं जातं, जिभेच्या मुळाखाली जाऊन दडतं, आणि त्याच ओढीने मागचं अन्ननलिकेचं तोंड, जे एरवी घट्ट मिटलेलं असतं, ते उघडायला मदत होते. म्हणजे तुम्हाला हलताना जाणवते ती श्वासाची वाट, घास तिच्या मागून उतरतोय.

आता बोटं अजून थोडी खाली न्या, हलकेच. कडक कडा लागतील. श्वासनलिकेला अशा कुर्चेच्या 16 ते 20 कड्या असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या, मागून उघड्या, आणि त्या उघड्या बाजूला नुसता मऊ पडदा आणि स्नायू. अन्ननलिका नेमकी त्यालाच टेकून असते. ती बोटाला लागणारच नाही कारण ती मऊ, रिकामी असताना चपटी, आणि तिच्या पाठीमागे लगेच मानेचे मणके. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये सर्जन आवाजाची जी नस जिवापाड जपतात ती या दोन नळ्यांमधल्या खाचेतूनच वर जाते.

गोंधळ का होतो तेही कळतं मला. नाकातली हवा घशात मागून उतरते आणि पुढच्या नळीत जाते, तोंडातला घास पुढून येतो आणि मागच्या नळीत जातो, म्हणजे दोन्ही वाटा घशात एकमेकींना चक्क कापतात!

आता माझी चूक. 'एपिग्लॉटिसचं झाकण बसलं की काम झालं' असं मी लिहिलं होतं, ते अपुरं होतं. झाकण दुमडतं हे खरं, पण त्याखाली स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो, ती राखण जास्त महत्त्वाची. ऑपरेशनमध्ये एपिग्लॉटिस काढावं लागलेली माणसंसुद्धा बऱ्याचदा सरावाने पुन्हा नीट गिळायला लागतात. उलट तोंडात घास असताना हसलं-बोललं की ठसका लागतो तो स्वरतंतू भलत्या वेळी उघडे राहिल्यामुळे. तो परिच्छेद आज बदलतोय.