माळ्यावरचं घुबड आणि अण्णांच्या चार विटा

बुकिंगचे पैसे परत केलेत. पूर्ण. चहाचेसुद्धा धरले नाहीत. त्यामुळं उद्या कुणी फोन करून "जरा समजून घ्यायचं होतं हो" म्हणू नये. पोस्ट लांबणार आहे. कंटाळा आला तर आमच्या चांदणी घोडीचे फोटो मागच्या आठवड्यात टाकलेत, ते बघा आणि झोपा.

झालं असं. पौष चालू आहे. पौषात लग्नं नाहीत म्हणजे आमची चांदणी महिनाभर बिनकामाची, आणि इथं सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की माघातल्या लग्नांचे प्री-वेडिंगवाले फोन करायला लागतात. आज दुपारी एक पार्टी आली. नवरा, नवरी, नवरीची मावशी, दोन कॅमेरेवाले, एक ड्रोनवाला आणि त्याच्या हाताखालचं पोरगं. त्यांना म्हणे एकदम गावाकडचा लूक पाहिजे होता. म्हटलं घ्या, इथं दुसरं आहेच काय. तर आधी लीद उचलायला लावली. मग दोरीवरची झूल नको. मग गायबगळे फ्रेममध्ये येतात, ते हाकला. तोवर मी हसत होतो. मग मावशींनी मान वर केली.

माळ्यावर कडब्याच्या पेंढ्यांमागं गव्हाणी घुबडाची जोडी राहते. तीन वर्षं झाली. पत्त्यातल्या बदामासारखं पांढरं तोंड, पाठ सोनेरी. सध्या पिल्लं आहेत.

"अगंबाई, घुबड! अहो भाऊ, शुभकार्याला आलोय आम्ही, हाकला ते आधी."

म्हटलं, मावशी, पिल्लं आहेत वर, दिवसा ते कुणाच्या वाटेला जात नाही, तुम्ही कडुलिंबाखाली शूट घ्या. आणि चांदणीचं खोगीर आणायला आत गेलो. दोन मिनिटं. तेवढ्यात त्या पोरानं माळ्याच्या तोंडाशी सुतळी बॉम्ब लावला.

वर पत्रा. माळ्यावर वर्षाचा कडबा. खाली पाच जनावरं बांधलेली. आणि ह्याला बॉम्ब सुचतो! "काय करुलालास बे" म्हणेपर्यंत फुटला. चांदणीनं अगाडीची दोरी तोडली, गुडघा सोलून घेतला. घुबड भर दुपारी बाहेर पडलं आणि बघता बघता पंधरावीस कावळे त्याच्या मागं. हिप्परग्याच्या तळ्याकडं गेलेलं दिसलं. पुढचं माहीत नाही. माळ्यावरून पिल्लांचा आवाज तेव्हापासून नाही.

मला बोलायलाच येईना. डोळ्यांसमोर आल्या त्या अण्णांच्या चार विटा.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टेशनवर टांगा लावायचे. १९९१चा उन्हाळा, मी बारा वर्षांचा. टांग्याचा सुलतान म्हातारा व्हायला लागला होता, म्हणून अण्णांनी एक शिंगरू घेतलं होतं आणि रोज सकाळी ते काव्यावर फिरवायचे. लांब दोरी, मधे अण्णा, भोवती शिंगरू दुडकीवर. त्या गोलाच्या कडेला एक दिवस टिटवीनं अंडी घातली. घरटं कसलं, चार खडे इकडचे तिकडं केलेले. अण्णांनी काय केलं, चार बाजूंना चार विटा उभ्या केल्या आणि काव्याची जागा पार पलीकडं, बाभळीजवळ नेली. महिनाभर. आत तीन अंडी, मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. बापाला सहीसुद्धा नीट करता यायची नाही.

आणि आज ह्या शिकल्यासवरल्या लोकांना घुबड नको.

अरे, त्याचं नाव तरी ऐका. गव्हाणी. गव्हाण म्हणजे जनावराच्या पुढ्यातली चाऱ्याची जागा. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला हे घुबड कुठं राहतं ते ठाऊक होतं. गोठ्यात, पागेत, धान्याच्या कोठीवर. उंदीर जिथं, तिथं ते. पिल्लं असली की रात्रीत एकामागून एक उंदीर आणतं. अंधारात नुसत्या आवाजावर झडप घालतं, दोन्ही कान डोक्यात वरखाली बसवलेत त्याला. उडताना पंखाचा आवाज नाही. शिकार सगळी गिळतं आणि हाडं-केसांची गोळी करून बाहेर टाकतं. रायडिंगला येणाऱ्या पोरांना मी या गोळ्या पाण्यात भिजवून फोडून दाखवतो. एकीत तीन कवट्या निघाल्या होत्या, दोन उंदरांच्या, एक चिचुंदरीची. पोरं किंचाळतात आणि पुढच्या रविवारी परत मागतात.

घुबड यायच्या आधी मी उंदरांना औषध टाकायचो. हरभऱ्याची पोती फोडायचे, खोगिराचं चामडं कुरतडायचे, गव्हाणीत मुतायचे. औषधानं उंदीर मेले, आणि ते खाऊन आमची मांजरीण मेली. मग बंद केलं. आता ना औषध, ना पिंजरा. मावशींना हे सांगायचं होतं. पण मावशी म्हणाल्या, "घुबडापायी गिऱ्हाईक तोडता काय?" हो, तोडतो. लक्ष्मीपूजनाला तसबिरीत चालतंय ते घुबड, माळ्यावर नाही चालत. आणि त्याच दिवाळीत जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकणारे असतात, हे काय मी नव्यानं सांगायचं? १९७२चा कायदा आहे वन्यजीवांचा. मी तक्रार करणार नाही, कारण पोरगं सोळा-सतरा वर्षांचं होतं आणि बॉम्ब फुटल्यावर तेच सगळ्यात जास्त घाबरलं होतं. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. पण करू शकलो असतो.

पाणी पिऊन आलो.

खरं सांगू का, हा धंदा मी घोड्यांसाठी चालू ठेवलाय असं सगळ्यांना वाटतं. घोडे आहेतच. पण सकाळी साडेसहाला दार उघडलं की पहिल्यांदा जे दिसतं ते घोड्यांबरोबर फुकट आलेलं आहे. धोबी पक्षी शेपटी हलवत अंगणात, हे फक्त हिवाळ्यात येतात. हुदहुद लिदीच्या ढिगात चोच खुपसून अळ्या काढतो, तुरा मिटलेला. एखादी मोठी अळी सापडली की तुरा उघडतो. पंख्यासारखा. भांगपाडी मैना गव्हाणीच्या कठड्यावर. चिमण्या सांडलेल्या भरड्यावर, आणि गावात चिमण्या राहिल्या नाहीत म्हणून रडणाऱ्यांनी एकदा माझ्याकडं यावं, तोबरा काढला की पन्नास उतरतात. गायबगळे चांदणीच्या पायापायांत. ते पाठीवरचे गोचीड खातात असं सगळे म्हणतात, पण मी बघतो तेव्हा त्यांचं लक्ष टापांवर असतं. टाप पडली की गवतातला टोळ उडतो, आणि हा गट्टम. गाय कुठाय इथं? आमच्यात त्याला घोडबगळा म्हणतात.

आणि कोतवाल. आमच्या बाजी घोड्याच्या पाठीवर बसून यायचं, माशी दिसली की झेपावायचं, परत पाठीवर. बाजी कातडी थरथरवतो ती माश्यांसाठी, कोतवालासाठी कधीच नाही. घार आली तर हा एवढासा जीव तिच्या डोक्यावर टोचा मारतो. उगाच कोतवाल म्हणत नाहीत. मागच्या वर्षी बुलबुलानं जास्वंदीत घरटं केलं, आतलं अस्तर सगळं पांढऱ्या केसांचं. चांदणीच्या शेपटीचे. खरारा करताना गळतात ते मी कुंपणाला अडकवून ठेवतो. बायको म्हणते, कचरा. घरटं दाखवल्यापासून तीपण ठेवते.

बाहेर जोंधळा हुरड्यावर आलाय, भोरड्यांचे थवे संध्याकाळी तळ्यावर धुरासारखे वळतात. भोरड्या कणसं साफ करतात, तेव्हा गोफण घेऊन माचाणावर बसलेला शेतकरी शिव्या घालतो, त्याचं बरोबर आहे. त्याचं पोट आहे. कबुतरांचंही मी काही बोलत नाही, चाऱ्यात घाण करतात, जाळी मीच लावलीय. धामण निघाली तर घोडी बिथरते, हेही मान्य. पण धामण बिनविषारी आहे, उंदीर खाते, आणि गायीचे पाय बांधून दूध पिते ही थाप आहे. साप बघितला की काठी शोधणाऱ्यांनी मला अनफ्रेंड करावं, उपकार होतील.

मला चीड कशाची येते माहीत आहे? इथून वीसेक किलोमीटरवर नान्नजला माळढोकाचं अभयारण्य, १९७९ सालचं. माळढोकासाठी सगळ्यांचे डोळे भरतात. तो आता दिसला तरी बातमी होते. विजेच्या तारा, नांगरून टाकलेली माळरानं, कारणं सगळ्यांना पाठ. माळढोकपण उघड्या जमिनीवर घालतो हो, एकच अंडं. त्याच्या अंड्याभोवती विटा ठेवायला कुणी होतं का? भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो काढायचे, गाडीत डिझेल टाकायचं दोन हजारांचं, आणि घरामागच्या टिटवीला अपशकुनी म्हणायचं. याच गावात १९३२ला पक्ष्यांवर-जंगलांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली जन्मले, नोकरी सगळी जंगलांत काढली, आणि २०२५च्या जूनमध्ये इथंच गेले. त्या दिवशी माझी वॉल श्रद्धांजल्यांनी भरली होती. त्यातल्या एका भावपूर्ण पोस्टवाल्यानं मला दोन महिन्यांनी फोन केला होता, घरावर घुबड बसतंय, काय उपाय?

जास्त बोललो. असू दे.

नालबंद चाचा आले होते संध्याकाळी, चांदणीचा गुडघा बघायला. वय सत्तरच्या पुढं. ते अण्णांच्या वेळचे. त्यांना बॉम्बचं सांगितलं तर काही बोलले नाहीत, माळ्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "गिधाडां भी ऐसेच गये, बेटा. किसीने देखे बी नई." खरं आहे. घोडा मेला की गावाबाहेर ओढून टाकायचे, गिधाडं येऊन तासाभरात हाडं मोकळी. त्यांना कुणी बॉम्ब नाही मारले. जनावराच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, ते मेलेल्या अंगात राहायचं, आणि गिधाडांचे मूत्रपिंड जायचे. २००६ला जनावरांसाठी बंदी आली, तोवर आकाश रिकामं. आमच्याही जनावरांना कधी ते टोचलं असेल. डॉक्टर इंजेक्शन देतो, आपण काय बाटली वाचतो? बाजी लंगडला तेव्हा मी मुद्दाम विचारून मेलॉक्सिकॅम दिलं, गिधाडांना न बाधणारं. आता विचारतो. तेव्हा विचारलं नाही.

परत अण्णांवर येतो, कारण ते डोक्यातून जात नाहीत.

त्या महिन्यात ऊन असं की पत्र्याखाली सुलतान तोंड उघडून उभा राहायचा. टिटवी अंड्यांवर बसायची ती ऊब द्यायला नाहीच, सावली धरायला. अण्णांनी विटांपासून दहा पावलांवर पाण्याचं घमेलं ठेवलं. तर ती टिटवी यायची, घमेल्यात पोट बुडवायची, ओली होऊन टुकूटुकू पळत जायची आणि अंड्यांवर बसायची. अंडी गार करायला! अण्णा मला उठवून दाखवायचे. "बघ, बघ, कसं शहाणं हाय." एक गिऱ्हाईक हसलं होतं, टांगेवाल्यानं पक्ष्याला हमाम बांधलाय म्हणून. अण्णापण हसले. घमेलं मात्र रोज भरलं.

पक्षीवाले मित्र आता विचारणार, विचारायलाच पाहिजे: टिटवी चार अंडी घालते. मग तीन कशी?

चारच होती. पहिलं मला दिसलं होतं, अण्णांना नाही. आदल्या दिवशी दुपारी अण्णा झोपलेले असताना मी शिंगरू सोडलं आणि गोलात फिरवलं. मला यायचं नाही, दोरी सैल पडली, शिंगरू कडेला गेलं. टिटवी डोक्यावर येऊन ओरडत होती, झेपा घेत होती, आणि मला मजा वाटत होती. मग टापेखाली ते दिसलं. मी माती ओढली त्यावर. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विटा.

अण्णांना कळलं होतं का? टाप मातीत उमटतेच, आणि त्यांना टापेवरून जनावर ओळखता यायचं. पण ते मला काहीही बोलले नाहीत. घमेलं भरायचं काम मात्र माझ्याकडं दिलं. महिन्यानं एका सकाळी विटा होत्या आणि आत काही नव्हतं. टिटवीची पिल्लं जन्मल्या जन्मल्या चालायला लागतात. बाभळीखाली तीन कापसाचे गोळे पळताना दाखवले अण्णांनी. विटा पाऊस पडेपर्यंत हलवल्या नाहीत.

तर त्या पोराला मी आज जे बोललो, ते जरा जास्त झालं. त्याच्या आईवर जायला नको होतं.

साडेअकरा वाजलेत. चांदणीला हळद लावलीय, चारा खातेय. माळ्यावर शिडी लावून बघावं असं वाटतं, पण चाचा म्हणाले, आज नको, माणसाचा वास नको. मी खाली खाट टाकलीय. दिवा घालवलाय. मोबाईलचा उजेडपण कमी करतो.

अपडेट, रात्री २.१०: एक आलंय. कडुलिंबावर बसलंय, तोंडात काहीतरी आहे. अजून माळ्यात गेलेलं नाही. दुसरं दिसत नाही. आत्ता वरून फिस्स असा आवाज आला. पिल्लांचाच. किती जणांचा ते मोजायला बघतोय.