क्लास जवळ नाही म्हणून कराटे सुरूच करायचं नाही?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘मार्शल आर्ट एकट्याने होत नाही. घरी सराव केला की चुकीच्या सवयी लागतात आणि त्या कधीच सुटत नाहीत. समोर माणूस नसेल तर तो नुसता नाच. पंचिंग बॅग नाही, मॅट नाही, तर घाम गाळून उपयोग नाही. जवळ क्लास मिळेपर्यंत थांबा.’

मी दोन वर्षं क्लासमध्ये कराटे शिकलो आणि पुढची सहा वर्षं, आसपास एकही क्लास नसताना, एकट्याने सराव केला. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. असलं काही वाचून एखादं पोर पहिला पंच मारण्याआधीच नाद सोडून देईल, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी चुकीच्या सवयींचं बघू, कारण या मुद्द्यात तथ्य आहे. सवयी लागतात, मलाही लागल्या. पण त्या एकटेपणामुळे लागत नाहीत, कुणी तपासत नाही म्हणून लागतात. भरलेल्या क्लासमध्ये मागच्या रांगेत उभं राहणाऱ्यालाही त्या तशाच लागतात.

माझा ग्याकू झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, चांगला आहे असं मी कितीतरी महिने धरून चाललो होतो. रोज आरशासमोर मारायचो. एकदा मोबाइल स्टुलावर, कमरेच्या उंचीला, बाजूने ठेवून रेकॉर्ड केलं. पंच सुटताना माझी मागची टाच उचलली जात होती. दुसरा हात ओढून कमरेशी घट्ट बसायला हवा, तो बरगड्यांपाशी तरंगत होता. आरशात समोरून यातलं काहीच दिसत नव्हतं, आणि बाजूने बघायला मान वळवली की पवित्राच बिघडतो. मग जमिनीवर खडूने खांद्याइतक्या अंतरावर दोन समांतर रेघा मारल्या, एकेका रेघेवर एकेक पाय. वीस पंच अगदी सावकाश, मग व्हिडिओ बघायचा, मग पुन्हा वीस. आधी फक्त टाच बघायची, हाताकडे लक्षच द्यायचं नाही. टाच बसल्यावर हात. दोन महिने गेले, पण दोन्ही सवयी सुटल्या. तेव्हा ‘कधीच सुटत नाहीत’ हे मला मान्य नाही. वेळ लागतो आणि स्वतःचा व्हिडिओ न लाजता बघावा लागतो, एवढंच.

‘समोर माणूस नसेल तर नाच’ हे म्हणणाऱ्याने काता म्हणजे काय याचा विचार केलेला दिसत नाही. हल्ला आणि बचाव ठरावीक क्रमात बांधून ठेवले, ते माणूस एकटा असतानाही घोकता यावेत म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या ओकिनावा बेटावर कराटे शिक्षक अँको इतोसू यांनी शाळकरी मुलांसाठी पाच पिनान काता तयार केले. शोतोकान या कराटेच्या शैलीत आज तेच हेआन नावाने सुरुवातीला शिकवतात. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये र्यो कियुना आणि सांद्रा सांचेझ यांनी कातामध्ये सुवर्णपदकं मिळवली, तीही मॅटवर एकट्याने काता करूनच. बॉक्सर शॅडो बॉक्सिंग करतो तेव्हाही समोर कुणी नसतं. जुदो तर पकडीचा खेळ, तरी 1937 ते 1939 सलग तीन वर्षं अखिल जपान स्पर्धा जिंकणारे मासाहिको किमुरा ओसोतो गारीचा, म्हणजे मागून पाय मारून समोरच्याला पाडण्याच्या डावाचा, सराव झाडाच्या बुंध्यावर करायचे. अर्थात ते जोडीदारांबरोबरही भरपूर खेळत, हे लपवायचं कारण नाही. झाडाने तंत्र पक्कं केलं, माणसांबरोबर ते वापरायला शिकले.

काताचा नाच होतो, पण तो कधी? ब्लॉक कुठल्या हल्ल्यासाठी आहे हे माहीत नसताना हात फिरवला की. म्हणून मी प्रत्येक हालचालीआधी स्वतःला विचारतो: तो कुठून येतोय, काय मारतोय, माझ्यापासून किती लांब आहे?

बॅग आणि मॅटचा मुद्दा लवकर संपतो. पंच, ब्लॉक, पवित्रे, किक आणि काता यांना मोकळी जमीन पुरते. दोरीला हलका चेंडू छातीच्या उंचीवर टांगला तर अंतराचा अंदाजही येऊ लागतो: ढकलायचा, आणि परत येताना मागे सरकून नेमक्या टप्प्यात पंच मारायचा. तीन मिनिटं करून बघा, दम निघतो.

राहिलं ‘क्लास मिळेपर्यंत थांबा’. थांबून मिळतं काय? वर्षभर रोज अर्धा तास पवित्रे आणि किक करणारा जेव्हा क्लासमध्ये पाऊल टाकेल, तेव्हा त्याचे पाय, कंबर आणि दम तयार असतील. सरांना त्याच्या दोन चुका दुरुस्त कराव्या लागतील, हे कबूल.

पण एकट्याने काय येत नाही तेही स्पष्ट सांगतो. समोरच्याची फसवी हालचाल ओळखणं, मार बसल्यावर डोळे उघडे ठेवणं, टायमिंग: हे स्पारिंगशिवाय, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत खेळल्याशिवाय, येत नाही. सहा वर्षांनी पहिल्यांदा कुमितेला, म्हणजे कराटेतल्या अशा लढतीला, उभा राहिलो तेव्हा समोरच्याचा पहिला पंच मला दिसलाच नाही. तेव्हा घरच्या सरावावर विसंबून कुणी रस्त्यावरच्या मारामारीत उतरू नये. जुदो किंवा जुजुत्सू शिकायचं असेल तर एकट्याची मर्यादा आणखी लवकर येते. कडक फरशीवर पडण्याचा सराव करू नका, आणि व्हिडिओत बघितलेला गळ्याचा फास धाकट्या भावावर तर मुळीच आजमावू नका. या गोष्टी शिक्षकासमोरच.

त्यासाठी मी वर्षातून दोनदा लांबच्या शिबिराला जायचो. जाताना वहीत शंका लिहून न्यायचो, जास्तीत जास्त तीन. एका वर्षी त्यातली पहिली शंका होती: मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, मारताना टेकलेल्या पायाचा गुडघा का दुखतो? सरांनी एक किक बघितली, खाली वाकून माझा टेकलेला पाय हाताने बाहेरच्या बाजूला वळवला आणि म्हणाले, ‘आता मार.’