उतरताना घ्या

माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात शनिवारपासून एक तिकीट आहे. त्याच्या पाठीवर निळ्या बॉलपेननं '४०' लिहिलंय आणि भोवती गोल केलाय. तात्या मला देणं लागतात ते हे चाळीस रुपये. आज बुधवार. तात्या रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाताना माझ्या दारावरनं जातात, "काय, उठलासा काय?" म्हणतात आणि पुढं जातात. चाळीस रुपयांचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. चाळीस रुपयांसाठी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सकाळी सकाळी अडवलं, तर गल्लीत तोंड कुणाचं काळं होईल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि मोबाईलवर पोकर खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला आणि त्याचं दुकान बंद झालं. तेव्हापासून तो दर शनिवारी कोल्हापुरात येतो. माझ्या बहिणीला वाटतं, पोरगा आईच्या ओढीनं येतो. पोरगा शिवाजी पेठेत तात्यांच्या गच्चीवर सहा माणसं गोळा करून बसतो. तो, मी, माझे दोन मेव्हणे, हायस्कूलचे गणिताचे सर आणि भुसारी दुकानदार. पानं बघायच्या आधीच दोघांनी भरायचे पैसे म्हणजे ब्लाइंड. छोटा ब्लाइंड एक रुपया, मोठा दोन. प्रत्येकानं दोनशे रुपये घेऊन बसायचं, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट. भाचा म्हणतो, कॅश गेमला सगळीकडं साधारण हाच हिशेब असतो.

तात्या खेळत नाहीत. गच्ची त्यांची, म्हणून बँक त्यांच्याकडं. बत्तीस वर्षं त्यांनी गगनबावड्याच्या गाडीवर कंडक्टरकी केली. माणूस रिटायर होतो, कंडक्टर होत नाही. भाच्यानं पुण्याहून रंगीत चिप्सची पेटी आणली होती. तात्यांनी एक चिप उचलली, दिव्यासमोर धरली आणि परत ठेवली.

"बटणं हायत ही. ह्याच्यावर काय भरवसा ठेवायचा?"

पुढच्या शनिवारी तात्या खाली गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन वर आले. तीच ती, कप्प्याकप्प्यांची, झाकणाला पट्टी असलेली. आत तिकिटं. गेल्या चार-पाच वर्षांतल्या सगळ्या लग्नपत्रिका त्यांनी कात्रीनं एका मापात कापल्या होत्या. पिवळ्या एक रुपयाच्या, गुलाबी दोनच्या, हिरव्या पाचच्या आणि ज्यांच्यावर सोनेरी गणपती आलाय त्या दहाच्या. सोबत पंच. तो पंच तिकिटावर मारण्याआधी तात्या हवेत दोनदा कटकट वाजवतात. पेठेतली झोपलेली कुत्री त्या आवाजानं उठतात. मी तर एकदा तो आवाज ऐकून सवयीनं पाय आत घेतले.

भाचा म्हणाला, "आजोबा, क्यूआर कोड लावूया की. हिशेब सोपा पडंल."

"कॅश गेम म्हणालास न्हवं तू? मग कॅश."

ह्याला उत्तर नव्हतं.

ब्लाइंड भरायची वेळ आली की तात्या टेबलाभोवती चक्कर मारतात. "कोण ऱ्हायलंय काय? बोला, मधी कोण ऱ्हायलंय?" सहा माणसं आहेत. सहाच्या सहा त्यांच्या समोर बसलीत. तरी विचारतात. मोठ्या मेव्हण्यानं एकदा रुपयाऐवजी चुकून दोनचं तिकीट टाकलं, तर त्याला तिथंच उभं करून "कुठनं बसलासा?" असं विचारलं. मेव्हणा तीन महिने झाले त्या खुर्चीवरनं हललेला नाही.

ह्या वातावरणात मला पोकर सुधारायचं होतं.

कारण मी हरत होतो. दर शनिवारी, नेमानं. भाच्यानं दोन शनिवार माझा खेळ एका वहीत लिहून काढला आणि तिसऱ्या शनिवारी जेवताना बहिणीसमोर वाचून दाखवला. "मामा, तू शंभरातले सत्तर हात खेळतोस. वीस-पंचवीस खेळायचे असतात. बाकीचे गपचूप टाकायचे. आणि दोन रुपये भरून नुसता डोकावतोस. खेळायचंय तर वाढवायचं, नाहीतर उठायचं." बहीण आमटी वाढता वाढता म्हणाली, "लहानपणापासनं तसाच आहे. प्रत्येक ताटातलं थोडं थोडं." एवढं ऐकल्यावर तिसरी पोळी मागायची सोय राहिली नाही.

वहीत आणखीही होतं. मी चांगलं पान आलं की थोडेच पैसे लावतो, लोक पळून जातील ह्या भीतीनं. आणि काहीच नसलं की भरभक्कम लावतो, ते पळून जावेत म्हणून. म्हणजे माझी पानं बघायला कुणाला वाकायची गरज नाही, माझी तिकिटं मोजली की पुरे. शिवाय जागा. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ सालचं, आणि ते असं बांधलंय की कुठंही बसा, हौद्यातली कुस्ती दिसतेच. पोकरच्या टेबलाचं तसं नाही. पानं वाटणाऱ्याचं बटण ज्याच्यापुढं, तो पहिली फेरी सोडली तर सगळ्यांत शेवटी बोलतो. बाकीच्या पाच जणांनी काय केलं ते बघून त्यानं ठरवायचं. त्याच्याच डाव्या हाताला बसलेला ब्लाइंडवाला मात्र पुढं प्रत्येक फेरीत आधी बोलतो, आंधळ्यासारखा. म्हणजे शेवटच्या जागेवरून जास्त हात खेळावेत, पहिल्या जागांवरून कमी. मी नेमकं उलट करत होतो. आधी बोलायला मिळालं की मला बरं वाटायचं. हा माझा स्वभाव आहे, तो लग्नातल्या पंगतीतही नडलाय, पण तो विषय वेगळा.

मी महिनाभर अभ्यास केला. खरंच केला. दुकानात गिऱ्हाईक नसताना आकडे पाठ केले. समजा ढिगात चाळीस आहेत आणि समोरच्यानं वीस लावले. तुम्ही वीस भरले की ऐंशीचा ढीग होतो. म्हणजे चारात एकदा तरी जिंकायची खात्री हवी, नाहीतर भरू नये. तुमच्या हातात दोन बदाम, खाली सगळ्यांच्या चार पानांत दोन, पाचवा बदाम आला तरच जिंकणार, आणि एकच पान यायचं राहिलंय. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९. पाचात एकदासुद्धा नाही. टाका. हे मी गणिताच्या सरांना समजावून सांगितलं. सरांनी शांतपणे वीस भरले.

"सर, गणित काय सांगतंय?"

"माझी शाळा साडेपाचला सुटली," सर म्हणाले.

पण सर एकटे नव्हते. गच्चीवर भाचा सोडला तर कुणीच पानं टाकत नव्हतं, आणि ह्याचं मूळ तात्या होते. ते माझ्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात, कारण तिथं वारा लागतो. गेल्या शनिवारी मी दहा रुपये भरून, खाली काहीच जुळलं नाही म्हणून पानं टाकली. मागून आवाज आला.

"का रं टाकलास?"

"काही आलं नाही, तात्या."

"दहा भरलास न्हवं?"

"भरले. ते गेले आता. आणखी कशाला घालवायचे?"

तात्यांनी खुर्ची पुढं ओढली. सगळा खेळ थांबला. "मला एक सांग. तू गगनबावड्याचं तिकीट काढलंस. मधीच कळ्याला उतरतोस?"

"गाडी चुकीची आहे असं कळलं तर उतरतो."

"आणि पैसे?"

"पैसे बुडाले. पण वेळ तरी वाचला."

"असा मानूस मी बत्तीस वर्षांत बघितला नाही. तिकीट काढलं की शेवटच्या थांब्यापतूर बसायचं. झोप लागली तरी बसायचं."

"पण तात्या, गाडी भलत्याच गावाला चाललीय!"

"मग त्या गावात उतरायचं. तिथंबी मानसं ऱ्हात्यात."

धाकटा मेव्हणा एवढा हसला की त्याची पानं खाली पडली, दोन्ही तोंडं वर. दुकानदारानं मान डोलावली, कीर्तनात डोलावतात तशी. भाचा वही बंद करून माझ्याकडं बघत होता. महिनाभर त्यानं आणि मी जे काही रचलं होतं, ते एका वाक्यात पाडलं गेलं होतं. वाक्याच्या मालकाला जोडी आणि तिर्रीतला फरकही माहीत नव्हता.

त्यानंतर तिसऱ्याच हाताला मला दोन एक्के आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन एक्के सरासरी २२१ हातांतून एकदा येतात. एकासमोर एक असेल तर ते शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकतात. माणसं वाढली की ताकद उतरते, चार जण मागं लागले तर छप्पन्नवर येते. म्हणूनच आधी वाढवायचं असतं, गर्दी कमी करायला. मी वहीत लिहिल्याप्रमाणं दोनाचे दहा केले. हात थरथरला नाही. भाच्यानं पानं टाकली.

बाकी चौघांनी तिकिटं काढली.

"बसा, बसा, जागा हाय," मागून तात्या.

खाली पानं आली: किलवरचा राजा, किलवरची सत्ती, चौकटची चौकी. मी चाळीस लावले. दोन्ही मेव्हणे गेले. सर आणि दुकानदार राहिले. चौथं पान इस्पिकची दुर्री. ढिगात एकशे सत्तर, माझ्यापुढं दीडशे. सगळे लोटले. सर म्हणाले, "मी उतरतो," तेव्हा तात्यांनी "हं" असा आवाज काढला, त्यात सरांबद्दलचं इतक्या वर्षांचं मत होतं. दुकानदारानं दीडशे मोजले. एक एक करून. शेवटचं पान नव्वी आलं. त्यानं आपली पानं उलटली.

सत्ती आणि दुर्री. दोन जोड्या. माझी एकच.

सत्ती-दुर्री, वेगवेगळ्या रंगाची, हा पोकरमधला सगळ्यांत हलका हात समजतात. दोन एक्क्यांसमोर तो शंभरातून बारा-तेरा वेळाच टिकतो. मी त्याला विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "दहा रुपये भरून सत्ती-दुर्री कोण खेळतं?"

"माझ्या गाळ्याचा नंबर बहात्तर आहे," तो म्हणाला. "लकी आहे."

त्यानं बरोबर काही केलं नव्हतं आणि माझं काही चुकलं नव्हतं. भाचा कानात हेच सांगत होता, "मामा, तू करेक्ट खेळलास, करेक्ट." बरोबर खेळून हरल्याचं समाधान ज्यांना मिळतं ती माणसं मला भेटवा. मी आणखी दोनशेची नोट काढली. तात्यांनी पंच वाजवला. "रिटर्न काढलासा काय?"

पुढचा अर्धा तास मी वहीत जे जे 'करू नये' खाली होतं ते सगळं केलं. पानं न बघता वाढवली. सरांना फसवायला साठ लावले. सरांनी खालच्या चौकीच्या जोडीवर "बघूया की काय आहे ते" म्हणून भरले आणि नेले. जो माणूस पानं टाकतच नाही त्याला फसवता येत नाही, हे वहीत दोनदा अधोरेखित होतं. ह्या गच्चीवर फसवता येईल असा एकच माणूस होता, ज्याला पोकर येत होतं. मग मी भाच्याला धरलं. हातात छक्की-तिर्री, खाली एक्का, राजा आणि तिसरा किलवर. मी चेहरा देवळातल्यासारखा केला आणि होते नव्हते ते सगळे लोटले. भाच्यानं दोन मिनिटं विचार केला. आकडे मोजले. मला तो विचार करताना दिसत होता आणि, खोटं कशाला बोलू, जरा वाईटही वाटलं. त्यानं पानं टाकली. दोनशे रुपयांचा ढीग माझा.

"मामा, काय होतं?"

"दाखवायचं नसतं. तूच शिकवलंयस."

"काय न्हवतं रं!" मागून तात्या. "छक्की-तिर्री हुती त्याची!"

भाचा माझ्याकडं बघत राहिला. त्यानंतर तो रात्रभर माझ्याशी फक्त आकड्यांत बोलला.

साडेबाराला डाव मोडला. माझ्यापुढं तीनशे चाळीसची तिकिटं होती. चारशे घातले होते, म्हणजे साठ गेले. चालायचंच, ते खेळात गेले. तात्यांनी तिकिटं मोजली, पंच मारून रद्द केली, पेटीतनं शंभराच्या तीन नोटा काढल्या. मग कप्पे चाचपले. सगळे. पेटीत विसाची एक नोट मला स्वच्छ दिसत होती.

"सुट्टं नाही." त्यांनी एक गुलाबी तिकीट उचललं, कानामागचं पेन काढलं आणि लिहिलं. "उतरताना घ्या."

"तात्या, मी उतरलोच आहे. मी जिन्यावर उभा आहे."

"पुढच्या शनवारी या की. पळून चाललोय काय मी?"

दुकानदाराला मात्र त्याचे सगळे पैसे मिळाले. त्यानं जाताना विसाची ती नोट खिशात घातली. माझ्या डोळ्यांदेखत.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. एक्के, बहात्तर नंबर, चाळीस रुपये, ती विसाची नोट. ती म्हणाली, "मी चाललो झोपायला, तुम्ही बसा मोजत," आणि दिवा घालवून गेली.

अंधारात मी मोबाईलच्या उजेडात ते तिकीट उलटं करून पाहिलं. कुणाच्या तरी पत्रिकेचा खालचा कोपरा होता. पहिलं अक्षर कात्रीत गेलं होतं, बाकीचं वाचता येत होतं: '...पया आहेर आणू नये'.