पातळ पडदा म्हणजे चाळणी नव्हे

“धुरांड्यावर कागदाहून पातळ प्लास्टिकचा पडदा बसवा. त्याच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड गाळला जातो, वीज लागत नाही, आणि पडदा जितका पातळ तितकं गाळणं चोख.” हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. हे पडदे खरोखर उपयोगाचे आहेत, म्हणूनच त्यांच्याबद्दल असं काही पसरलं की राहवत नाही.

आधी छिद्रांचं बघू. हायड्रोजनचा रेणू कार्बन डायऑक्साइडपेक्षा लहान. पडदा चाळणी असता तर हायड्रोजन पुढे गेला असता. १८६६ साली रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी रबराच्या पडद्यावर मोजलं, तर नायट्रोजनच्या तुलनेत हायड्रोजन साडेपाच पट वेगानं गेला आणि कार्बन डायऑक्साइड साडेतेरा पट! वायू आधी पडद्यात विरघळतो, मग पॉलिमरच्या (रबर-प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या) साखळ्यांमधून सरकत पलीकडे निघतो. आणि कार्बन डायऑक्साइड रबरात चांगला विरघळतो. घरी करून बघा. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांच्यातून निघालेल्या वायूनं एक फुगा भरा, दुसरा पंपानं तेवढाच फुगवा. सकाळी पहिला मऊ पडलेला असतो, दुसरा जवळपास तसाच.

पातळपणानं वेग वाढतो, चोखपणा नाही. जाडी निम्मी केली की सगळेच वायू दुप्पट वेगानं जातात.

‘वीज लागत नाही’ हे मात्र सगळ्यात घातक. वायू पडदा ओलांडतो तो त्याच्या स्वतःच्या दाबातल्या फरकामुळे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १३ टक्के धरा आणि धुराचा एकूण दाब १ बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा. म्हणजे त्याच्या वाट्याला ०.१३ बार. पंप लावून पलीकडचा दाब ०.२ बारवर आणला, तरी त्यातला कार्बन डायऑक्साइडचा वाटा ०.१३ बारच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे तिथला वायू ६५ टक्क्यांहून शुद्ध होणार नाही, पडदा कितीही उत्तम असो. त्यापुढे दुसरा टप्पा, पुन्हा पंप. वीज खाणारे हेच.

बायोगॅसमध्ये गणित पालटतं. साखर कारखान्यातल्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून) निघालेल्या गॅसमध्ये ४० टक्के कार्बन डायऑक्साइड धरला आणि दाब १० बार, तर त्याच्या वाट्याला ४ बार येतात, धुराच्या तीसपट. शिवाय मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, पडद्याच्या अलीकडेच, दाबाखाली राहतो, आणि सिलिंडरमध्ये भरायला तो दाबावा लागणारच असतो. पडदे लावायचे तर आधी तिथे लावा.